खोटे दिवे

खोटं बोलू नये, हे मला वडिलांनी शिकवलं आणि बी.कॉम. झाल्यावर बँकेनं विसरायला लावलं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे वाक्य मी दिवसातून सहा-सात वेळा म्हणतो. साहेब आत केळं खात असतात. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी खोटे विमानतळ मांडले होते असं वाचलं, तेव्हा परगावी आपलं माणूस भेटावं तसं झालं.

हा कारभार कर्नल जॉन टर्नर नावाच्या इंजिनिअरकडे होता. गुप्तता इतकी, की खात्याचं नावच ‘कर्नल टर्नर यांचं खातं’! दिवसा फसवायला खोटी विमानं लागत. ती शेपर्टनच्या सिनेमा स्टुडिओतली मंडळी बनवून देत. (हिंदी सिनेमा पाहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही.) रात्री विमानांचीही गरज नाही. खऱ्या तळापासून काही मैलांवर, उघड्या रानात, धावपट्टीसारखे दिवे मांडायचे. खरा तळ अंधारात गप्प, आणि बॉम्ब रानात. या जागांना ‘क्यू साइट’ म्हणत. नोव्हेंबर १९४० मध्ये कॉव्हेन्ट्री बेचिराख झाल्यावर शहरांसाठी खोट्या आगीही पेटवू लागले. आपलंच विमान चुकून तिथं उतरू लागलं, तर दिवे झटकन विझवायचे. खोटेपणालाही शिस्त लागते हो!

धर्मराज एक अर्धवट खोटं बोलले, तर त्यांचा रथ चार बोटं खाली आला. टर्नरसाहेबांचा रथ किती खाली जायला हवा? मला वाटतं, इंचभरही नाही. कारण दिवे लावणारी माणसं तिथंच, मातीनं झाकलेल्या खोलीत टेलिफोन घेऊन बसलेली असत. आपल्या डोक्यावर बॉम्ब पडले म्हणजे ड्यूटी चोख झाली! त्यांचं खोटं त्यांनी स्वतःच्या नावावर खर्ची टाकलं होतं.

पण शेजारच्या शेतकऱ्याचं काय? त्याच्या गाईंना कुणी विचारलं होतं? इथं माझा हिशेब जुळेना. पुस्तक मिटलं, तरी जुळेना.

त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात एक आजोबा पेन्शनची चूक घेऊन काउंटरवर आले. चूक माझी होती. आजोबा तापलेले, हातात काठी. मी अतिशय नम्रपणे म्हणालो, ‘‘आजोबा, ते काम चार नंबरला.’’ चार नंबरला पंधरा दिवसांपूर्वी लागलेला पोरगा. सबंध ब्रँचदेखत वीस मिनिटं त्यानं ऐकून घेतलं. मी खाली मान घालून व्हाउचरं लावत होतो. माझा तळ अंधारात, सुखरूप.

दुपारी त्याला बोलावून माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी वाढली. जरा जास्तच वाढली. तो मुकाट्यानं जेवला. हात धुऊन आला आणि म्हणाला, ‘‘सर, त्या आजोबांना माझ्याकडे कोणी धाडलं हो?’’

‘‘साहेबांनी,’’ मी म्हणालो.