मुलामा

काय काम करतोस असं कुणी विचारलं, की मी गुळमुळीत उत्तर देतो. जुनं सॉफ्टवेअर सांभाळतो. नवं काही बनवत नाही. आहे ते बंद पडू देत नाही. सगळं नीट चाललं तर माझी आठवण कुणाला येत नाही, बिघडलं की पहिला फोन मला. मग अशा कामात जीव ओतायचा कशासाठी?

हा भुंगा डोक्यात असताना कॅलिफोर्नियात पालोमार डोंगरावर असलेल्या हेल दुर्बिणीबद्दल वाचलं. १९४८ साली तिचं लोकार्पण झालं. हलणारा भाग सुमारे ५०० टनांचा. एवढं धूड तेलाच्या पातळ थरावर तरंगत ताऱ्यांमागे सरकतं. म्हणजे तेलाचे पंप कुणीतरी रोज बघायला हवेत.

पण मला थांबवलं ते आरशाने. पाच मीटर व्यास, साडेचौदा टन वजन. मात्र ताऱ्याचा उजेड ही काच परतवतच नाही. ते काम तिच्यावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्याचं. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. सगळा मिळून जेमतेम काही ग्रॅम. धूळ आणि दमट हवेने तो मंदावतो. म्हणून साधारण दीड-दोन वर्षांनी आरसा उतरवतात, जुना मुलामा काढतात, काच धुतात आणि निर्वात टाकीत नवा मुलामा चढवतात. काच जुनी, नावाजलेली. तारा मात्र दिसतो तो कुणीतरी हल्लीच केलेल्या कामातून.

१९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटावरून ओळखलं, की ३सी २७३ हा आपल्या आकाशगंगेतला तारा नसून अतिदूरचा क्वेसार आहे. शोधनिबंधावर नाव एकट्या त्यांचं. हा अन्याय आहे का? आधी मला तसं वाटलं. पण कोडं सोडवलं श्मिट यांनीच. आरसा धुणाऱ्याने ते नव्हतं सोडवलं. श्रेय एकाचं असू शकतं. गरज मात्र दोघांची सारखीच होती.

आणि आरसा धुणाऱ्याला कुठे ठाऊक असतं, पुढे कोणता उजेड त्यावर पडणार? शोध लागायच्या रात्रीसाठी वेगळा मुलामा नसतो. प्रत्येक रात्र तीच असू शकते असं धरूनच काच धुवावी लागते. माझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर एवढंच.

फक्त एक अट. 'काम हेच बक्षीस' हे काम करणाऱ्याने स्वतःशी म्हणावं. त्याचा पगार ठरवणाऱ्याने म्हणू नये.