कामाला माणूस की माणसाला काम?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, रिचमंडच्या गोदीत जहाजाचा वरचा भाग उलटा बांधत. डेकवर खलाशांच्या खोल्यांची आणि सुकाणूघराची जी पोलादी इमारत असते, तिचे तुकडे मोठ्या शेडमध्ये छत खाली आणि जमीन वर असे पालथे घालून जोडले जात. मग क्रेन ते उचलून, सुलटे करून जहाजावर बसवत असे. याचं कारण साधं होतं. वेल्डिंगच्या कांडीतून वितळलेला धातू खाली ओघळतो. जोड पायाशी असेल तर तो आपसूक फटीत बसतो. जोड डोक्यावर असेल तर ठिणग्या अंगावर येतात, मान आणि हात अवघडतात, आणि तसं काम हाती बसायला मोठा सराव लागतो. छताचे जोड डोक्यावर येत होते, म्हणून छतच पायाशी आणलं.

या गोद्यांविषयी बोलताना लोक वेगाविषयी बोलतात आणि तो वेग थक्क करणारा होताच. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजं बुडवत होत्या आणि ती बुडत होती त्याहून लवकर नवी बांधणं भाग होतं. अशी ‘लिबर्टी’ जातीची २,७०० हून अधिक जहाजं अमेरिकेत तयार झाली. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंडच्या दोन नंबरच्या यार्डात ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज तळाचा कणा घातल्यापासून पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. तो विक्रम प्रचारासाठी, आधीपासून सगळं जुळवून केलेला होता. पण माझ्या मते वेगापेक्षाही मोलाची गोष्ट आहे ती तो कुणाच्या हातांनी साधला ही.

गोद्या चालवणारा हेन्री कैझर धरणं बांधणारा कंत्राटदार होता. कामावर आले ते शेतावरून, दुकानांतून, स्वयंपाकघरांतून. १९४० मध्ये जेमतेम तेवीस हजार वस्तीचं रिचमंड काही वर्षांत लाखाच्या घरात गेलं. यातल्या बहुतेकांनी त्याआधी जहाज जवळून पाहिलंही नव्हतं. जुन्या पद्धतीच्या जहाजात रिव्हेट ठोकणारी कसलेली टोळी लागे. इथे रिव्हेटची जागा बहुतांशी वेल्डिंगनं घेतली आणि एका कारागिराच्या हातातल्या कामाचे दहा सुटसुटीत तुकडे झाले. त्यातला एक तुकडा काही आठवड्यांत शिकता येत असे. चामड्याचं जाकीट आणि काळ्या काचेचा मुखवटा चढवून हजारो स्त्रिया वेल्डर म्हणून उभ्या राहिल्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोद्यांच्या करारात कुशल वेल्डरला तासाला १ डॉलर २० सेंट मजुरी ठरली होती, आणि तो दर्जा मिळवलेल्या स्त्रीलाही तीच मिळे.

कामाची मांडणी बदलली तसा कामाभोवतीचा दिवसही बदलावा लागला. ओरेगनमधल्या पोर्टलंड इथे कैझरच्या दोन गोद्यांच्या दाराशीच १९४३ च्या शेवटी पाळणाघरं उघडली. ती चोवीस तास चालत, कारण गोदी तीन पाळ्यांत चालत होती. तिथे प्रशिक्षित शिक्षिका आणि परिचारिका होत्या. पाळी संपवून मुलाला न्यायला आलेल्या आईला रात्रीचं शिजवलेलं जेवणही तिथूनच विकत घेऊन घरी नेता येई. या पाळणाघरांचा खर्च जहाजाच्या खर्चात धरला जाई. पोलाद लागतं, वीज लागते, तसं वेल्डरच्या मुलाला सांभाळणारं माणूसही लागतं, हे तिथल्या हिशेबनिसानं मान्य केलं होतं. एरवी हा खर्च बाई एकटीच सोसते आणि तो कुठल्याच वहीत चढत नाही.

एवढ्यावर कुणी या गोद्यांना समतेचं नंदनवन म्हणेल, तर ते खरं नाही. कृष्णवर्णीयांना गोदी कामगारांच्या बॉयलरमेकर्स युनियननं आपल्यात घेतलं नाही. त्यांच्यासाठी वेगळी शाखा काढली, वर्गणी पुरी घेतली, पण मताचा अधिकार दिला नाही. सॉसालिटोच्या मरिनशिप गोदीतला वेल्डर जोसेफ जेम्स याविरुद्ध न्यायालयात गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, तोवर युद्ध संपत आलं होतं. स्त्रियाही मुकादमाच्या जागेवर क्वचितच पोहोचल्या. छत पायाशी आणण्याची बुद्धी ज्यांना झाली, त्यांना युनियनचं दार सरळ उघडण्याची बुद्धी झाली नाही. तिथे अडचण तंत्राची नव्हती, मनाची होती.

नवशिक्यांवर संशय घ्यायला निमित्तही मिळालं. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे टँकर जहाज पोर्टलंडच्या धक्क्याशी, शांत पाण्यात उभ्या उभ्या मधोमध फाटलं. इतर काही जहाजांनाही तडे गेले. घाईची भरती आणि कच्चे वेल्डर यांच्याकडे बोट दाखवणं सोपं होतं, आणि काही जोड सदोष होतेही. पण केंब्रिजमधल्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं, की त्या काळचं ते पोलादच विशिष्ट तापमानाखाली ठिसूळ होत होतं. त्यात आराखड्यातल्या काटकोनी कोपऱ्यांपाशी ताण एकवटत होता, आणि अखंड जोडलेल्या जहाजात एकदा सुरू झालेली चीर अडायला जागा नव्हती. दोषाचा मोठा वाटा पोलादाचा आणि आराखड्याचा निघाला. कमजोर हातांवर ठपका ठेवण्याआधी साहित्य तपासावं, हा धडा आजही जुना झालेला नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि पोर्टलंडची पाळणाघरं बंद झाली. बहुतेक स्त्रियांना घरी पाठवण्यात आलं. त्यांचं कसब एका महिन्यात आटलं नव्हतं. आटली होती ती देशाची गरज. म्हणजे ‘बायकांना हे जमणार नाही’ हे वाक्य क्षमतेविषयी कधी नव्हतंच. युद्धाआधी ते खरं मानलं गेलं, युद्धात खोटं ठरवलं गेलं आणि युद्धानंतर पुन्हा खरं मानलं गेलं. त्या साऱ्या काळात बाई तीच होती.

भारतात प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कायदा मालकाला जबाबदार धरू शकतो, पण हिशेबाची वही मालकाच्या हातात असते. आपल्याकडे हा खर्च अजूनही बायकांवर केलेल्या उपकाराच्या खाती मांडला जातो. जगण्या-मरण्याच्या लढाईत एका देशाला तो जहाजाच्या किमतीत धरता आला, तर शांततेच्या काळात आपल्याला तो मालाच्या किमतीत धरता येऊ नये, याला काहीही कारण नाही. कारखानदारांनी, ठेकेदारांनी आणि सरकारी खात्यांनी तो तसा धरावा, आणि ‘बायकांना जमत नाही’ म्हणण्याआधी आपण काम कसं मांडलं आहे ते एकदा तपासावं.