आडनाव आणि गाणं

वडील नामवंत असले की मुलाचं अर्धं काम आपोआप होतं, असं आपण सहज म्हणून जातो. अमेरिकन रॉक गायक-गीतकार जेकब डिलन याच्या कारकिर्दीकडे पाहिलं, तर हे मत तपासून घ्यावं लागतं. 1969 साली जन्मलेला जेकब हा बॉब डिलन यांचा मुलगा. ज्यांच्या गीतलेखनाला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं, ते हे बॉब डिलन. जेकबने स्वतःचा बँड काढला, पण 'द वॉलफ्लॉवर्स' या त्याच्या नावात आडनावाचा मागमूस ठेवला नाही. 1992 मध्ये बँडचा पहिला अल्बम आला. गायक कोणाचा मुलगा, हे लपून राहणारं नव्हतं. तरी अल्बम फारसा खपला नाही आणि रेकॉर्ड कंपनीची साथही सुटली. 1996 साली दुसरा अल्बम, 'ब्रिंगिंग डाउन द हॉर्स' आला. त्याच्या एकट्या अमेरिकेत चाळीस लाखांहून अधिक प्रती गेल्या, आणि त्यातल्या 'वन हेडलाइट' या गाण्याला 1998 मध्ये दोन ग्रॅमी मिळाले. आडनाव दोन्ही वेळा तेच होतं. गाणी बदलली होती.

यावर कुणी म्हणेल, दुसऱ्या अल्बमचे निर्माते टी-बोन बर्नेट हे बॉब डिलन यांच्या 1975 च्या दौऱ्यातले वादक होते. मग ओळख कामी आलीच ना? ओळखीचा फायदा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. असंख्य होतकरू गायकांना ती पहिली संधीही मिळत नाही. पण ओळखीने स्टुडिओचं दार उघडतं. श्रोत्याने तेच गाणं पुन्हा लावावं, अशी शिफारस कुणी करू शकत नाही. दुसरा आक्षेप असा, की तो वडिलांच्या उंचीला पोहोचला नाही. त्याच्या पिढीतले किती जण पोहोचले? इतरांना न लावलेली फूटपट्टी केवळ जन्मामुळे त्याला लावणं हा न्याय नव्हे. 2000 सालच्या 'ब्रीच'ला आधीच्या अल्बमसारखा खप मिळाला नाही. तरी पुढे दोन एकल अल्बम आले आणि 2021 मध्ये बँडचा 'एक्झिट वूंड्स'ही आला. खप ओसरल्यावरही लिहीत राहणं हे वारशाने मिळत नाही.

तेव्हा एखाद्या मोठ्या कलावंताचं मूल समोर आलं, तर त्याला नावासाठी डोक्यावर घेऊ नका आणि नावासाठी मोडीतही काढू नका. आधी त्याचं गाणं ऐका.