न चाखलेला घोस

परसातल्या पहिल्या फळावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न हिंदू आचारधर्मात जुना आहे आणि त्याचे उत्तरही ठरलेले आहे: देवाचा. पेच त्यापुढे सुरू होतो. देवाला द्यायचे ते उत्तम असावे आणि देवाला द्यायचे ते कोणी तोंडाला लावलेले नसावे, अशा दोन अपेक्षा नैवेद्याकडून असतात. केळे, नारळ, भात यांच्या बाबतीत दोन्ही सहज सांभाळता येतात. पण काही फळांची गोडी बाहेरून कळतच नाही. बोर हे त्याचे परंपरेला ठाऊक असलेले उदाहरण. चेरी टोमॅटो हे नवे.

चिंचणी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. शेजारी तारापूर, पूर्वेला वाणगाव. हा पट्टा वाड्यांचा: मिरची, भाजीपाला, चिकू. चेरी टोमॅटो इथे शेतापेक्षा परसात आणि कुंडीत अधिक शोभतो. पावसाळा ओसरला की बी टाकायचे, रोप साधारण महिनाभराचे झाले की शेणखत घातलेल्या मातीत हलवायचे, वेल वर चढू लागला की काठीचा नाहीतर सुतळीचा आधार द्यायचा आणि बगलफुटी खुडत राहायच्या. लागवडीपासून दोनएक महिन्यांत पहिला घोस रंग धरतो. एका घोसात दहा-पंधरा फळे सहज असतात, कधी त्याहून जास्त. फळ दहा ते पंचवीस ग्रॅमचे. साध्या टोमॅटोच्या रसात विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर आणि आंबट द्रव्ये, चार-पाच टक्के असतात. चांगल्या चेरी टोमॅटोत हेच प्रमाण सात ते दहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून तो भाजीत पडण्याऐवजी सरळ तोंडात जातो.

ही गोडी मात्र बेभरवशाची. पानांना दिवसातले सहा-आठ तास ऊन मिळाले तर साखर तयार होते. फळ वेलावरच पूर्ण पिकले तर ती फळात साठते. अर्धवट रंगलेले फळ तोडून घरात ठेवले तर ते लाल होते, पण वेलाकडून मिळायची साखर त्याला मिळत नाही. पाणी जास्त झाले की फळ फुगते, फुटते आणि पाणचट लागते. उलट पाण्याची किंचित ओढ बसलेल्या वेलाची फळे बारीक पण गोड निघतात. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्याचाही असाच परिणाम होतो: सौम्य खारेपणाने उतारा घटतो आणि गोडी वाढते. खारेपणा अधिक झाला तर वेलच खंगतो. शिवाय एका घोसातली सगळी फळे एका दिवशी पिकत नाहीत. देठाकडची आधी, टोकाची शेवटी. एकाच घोसातल्या दोन लाल फळांपैकी एक साखरेसारखे आणि एक नुसते आंबट निघू शकते. खात्री करायची तर चाखायला हवे, आणि चाखले की ते फळ उष्टे झाले.

मूळ पेचाकडे वळण्यापूर्वी एक शंका दूर करावी लागते: परमुलखातले हे फळ देवाला चालते का? शंका अगदीच निराधार नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, मिरची या बाहेरून आलेल्या भाज्या आजही घालत नाहीत. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातले. माणसाने त्याला पिकाचे रूप दिले ते मुख्यतः मेक्सिकोत, आणि पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला. जुन्या धर्मग्रंथांत त्याला मनाई नाही आणि परवानगीही नाही, कारण ते लिहिणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. त्याचे भाऊबंद वांगे चातुर्मासात वर्ज्य होते आणि चंपाषष्ठीला भरिताच्या रूपाने थेट खंडोबाच्या नैवेद्यात परतते. टोमॅटोच्या वाट्याला ना ती बंदी आली ना तो मान. पण परकेपणाचा निकष लावायचा तर मराठी उपवासाचे ताट जवळजवळ रिकामे होईल. बटाटा, रताळे, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, हे सगळे अमेरिकेचे. ज्याच्या डहाणू-घोलवडच्या वाणाला भौगोलिक मानांकन मिळाले तो चिकूही तिकडचाच. तरीही उपवासाला बटाटा चालतो आणि टोमॅटो बहुतेक घरांत चालत नाही, याला रिवाजापलीकडे कारण दाखवता येत नाही.

परक्याच्या हातच्या नैवेद्याबद्दल तर चिंचणीपाशी स्वतःचा पुरावा आहे. गावात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार मधुमती ऊर्फ सुगतिप या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठिकेला जमीन दिली गेली. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि काही जणांचे रोजचे जेवण यांसाठी. देवीच्या नैवेद्याची तरतूद अरब अधिकाऱ्याच्या राज्यकारभारात झाली आणि तो लेख तांब्यावर कोरून ठेवण्यात कोणाला संकोच वाटला नाही. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताने काय अर्पण करावे याची यादी येते, ती पान, फूल, फळ आणि पाणी एवढीच. फळाची जात किंवा मुलूख तिथे सांगितलेला नाही. तेव्हा परकेपणाची शंका इथेच सोडून देणे बरे.

उष्ट्याचा प्रश्न इतक्या सहजी सुटत नाही. नैवेद्याच्या पदार्थाची चव स्वयंपाक करणाऱ्याने पाहायची नाही. मीठ अंदाजाने घालायचे आणि चुकले तर चुकले. वास घेतलेले फूलही देवाला वाहत नाहीत. नव्या पिकाबाबत हा नियम ताटापुरता राहत नाही, तो सगळ्या हंगामाला लागू होतो. वैदिक कर्मकांडात आग्रयण नावाची इष्टीच आहे: नवे धान्य आधी देवतांना, मग घरात. महाराष्ट्रात आश्विन पौर्णिमेच्या नवान्नात तीच कल्पना दिसते. अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खात नाहीत. बोर, आवळा, चिंच तुळशीच्या लग्नात ठेवल्यावर मग मुलांच्या हाती लागतात. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवरही नवा भात आणि नवी काकडी आधी देवाला, मग माणसांना, अशी रीत आहे. पोथीचा धर्म आणि पाड्यावरचा धर्म बऱ्याच बाबतींत वेगळे पडतात. या बाबतीत ते एक आहेत, आणि हे दिसते त्याहून महत्त्वाचे आहे. पहिले फळ राखून ठेवण्याची रीत म्हणजे कोणा एका ग्रंथाची आज्ञा नव्हे. जमिनीतून काही उगवते ते केवळ आपल्या कष्टाने नव्हे, हे पिकवणाऱ्याला पटलेले असते. या रीतीचे मूळ तिथे आहे.

या नियमाच्या समोर शबरी उभी आहे. तिने बोरे चाखून पाहिली, आंबट बाजूला टाकली आणि गोड निघालेली उष्टी बोरे रामाला दिली, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शबरी आहे, तिने रामासाठी जमवलेला रानमेवा आहे, पण चाखण्याचा प्रसंग नाही. तो नंतरच्या भक्तिपरंपरेने घातला. मूळ कथेत नियमभंग नव्हता. भक्तीने तो मुद्दाम घडवला, कारण तिला काही सांगायचे होते. बोराची गोडी बाहेरून दिसत नाही. कोरडे नियम पाळले असते तर रामाच्या हाती आंबट बोर पडण्याचा धोका होता. शबरीने शुद्धता सोडून गोडी निवडली.

धर्मशास्त्रालाही या अडचणीची कल्पना होती, असे मानायला जागा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्धीचे नियम येतात. त्यात पक्ष्याने चोचीने पाडलेले फळ आणि वासरू पान्हवताना त्याचे तोंड, ही दोन्ही शुद्ध मानली आहेत. वासरू आधी ओढते, मग धार काढली जाते आणि तेच दूध देवाच्या अभिषेकाला जाते. सूट दिली नसती तर जगातले सगळे दूध उष्टे ठरले असते. हाच मुद्दा संत नामदेवांनी टोकाला नेला. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या आसा रागातल्या एका पदाचा आशय असा: पाण्यात आधीच जीव राहतात, फुलाचा वास भुंग्याने घेतलेला असतो, दूध वासराने विटाळलेले असते, मग अस्पर्शित असे देवाला द्यायचे काय? मनूची सूट व्यवहारी आहे, नामदेवांचा प्रश्न मुळावर घाव घालणारा. चिंचणीच्या परसात बुलबुलाने टोचलेल्या टोमॅटोचा निकाल मनूच्या नियमाने लागतो. माणसाने चावलेल्याचा लागत नाही.

इथे चाखणारा आणि चाखलेली वस्तू वेगळ्या करता येतील का, असा युक्तिवाद सुचतो. केळ्याच्या फणीतले एक केळे खाल्ले म्हणून बाकीची उष्टी होत नाहीत. तसे घोसातले एक फळ चाखून उरलेली देवापुढे ठेवली तर काय बिघडले? मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. संस्कृतात त्यालाच स्थालीपुलाक न्याय असे नाव आहे. एक दाणा शिजला तर सगळा भात शिजला. तर्कशास्त्राच्या भाषेत ही प्रत्यक्षावरून केलेली अनुमानाची वाट. पण ती इथे लंगडी पडते. भाताचे सगळे दाणे एका आचेवर, एका पाण्यात, एकाच वेळी शिजतात. घोसातली फळे तशी पिकत नाहीत. देठाकडचे फळ गोड लागले यावरून टोकाच्या फळाबद्दल काहीच ठरत नाही. जाणता माळी रंगाची खोली पाहतो, फळ बोटांत धरून त्याचा मऊपणा अजमावतो, देठाच्या गाठीवर ते हलक्या झटक्याने सुटते का पाहतो. या खुणांनी पिकलेपण कळते, गोडी नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नैवेद्यात नेमके काय दिले जाते, यावर सगळे अवलंबून आहे. गोडी द्यायची असेल तर शबरीच बरोबर, कारण चाखल्याशिवाय गोडी देता येत नाही. पण पहिल्या फळाच्या रीतीत गोडी दिली जात नाही. पहिल्यांदा चाखण्याचा आपला हक्क दिला जातो. तीन महिने पाणी घातलेल्या वेलावर पहिला घोस लालभडक लटकत असतो, हात आपसूक पुढे जातो आणि तो मागे घेतला जातो. देवापुढे ठेवले जाते ते हे मागे घेणे. फळ आंबट निघाले तरी त्यात उणे येत नाही. पदार्थ न चाखता रांधणाऱ्या स्वयंपाकिणीचे मीठ चुकले तर नैवेद्य वाया जातो असे कोणी मानत नाही, तेही याच कारणाने.

शबरीचा मार्ग यामुळे खोटा ठरत नाही, पण तो तिचा आहे. देव दारात आला आहे, त्याला भूक आहे आणि हातात रानमेवा आहे, अशा प्रसंगी पाहुण्याला गोड द्यावे हाच धर्म. देव्हाऱ्यातल्या देवाच्या बाबतीत तो प्रसंग नसतो. शबरीचे नाव पुढे करून पहिल्या घोसातले फळ तोंडात टाकणाऱ्याने आधी तिच्याइतकी वाट पाहिलेली असावी. एरवी ती भक्ती नव्हे, सबब आहे.

व्यवहारात निकाल सोपा आहे. पहिला घोस न चाखता देव्हाऱ्यात, पितरांना किंवा गावदेवीला. दुसऱ्या घोसापासून घरच्यांना आणि बुलबुलांना. चाखून कोणता वेल गोड ते मग खुशाल ठरवावे आणि त्याची नोंदही ठेवावी. ही नोंद पुढच्या वर्षी उपयोगी पडेलच असे नाही. उन्हाळा वाढून रात्री तापल्या की फुले गळू लागतात, फळधारणा मंदावते आणि चिंचणीतला हंगाम आटोपतो. तेव्हा उत्तम वेलाच्या फळातला गर एक-दोन दिवस आंबवून, बी धुऊन, सावलीत वाळवून ठेवता येते. पण बाजारातले बहुतेक चेरी टोमॅटो संकरित वाणाचे असतात आणि त्यांच्या बियांपासून आलेली रोपे आईसारखी निघत नाहीत. कोणी गोड, कोणी आंबट. पुढच्या मार्गशीर्षात त्या रोपांवरचा पहिला घोस लाल होईल, तेव्हा त्याची चव पुन्हा कोणालाच ठाऊक नसेल.