ऋणात राहण्याचा अर्थ



सत्कार-समारंभात आभार मानताना ‘आपल्या ऋणात राहणेच मी पसंत करीन’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बोलणारा सहज बोलून जातो, ऐकणारे टाळ्या वाजवतात. या वाक्याचा खरा अर्थ काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. ऋण फेडणे हा सज्जनाचा धर्म मानला, तर ऋणात राहणे कोणी का पसंत करावे? हे ऋण चुकविण्याचे गोड निमित्त तर नव्हे? श्रींच्या दर्शनास आलेल्या आपणा सर्वांपुढे हा प्रश्न ठेवावासा वाटतो.

मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असे आपली परंपरा सांगते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे बहुतेकांना ठाऊक असतात. शुक्ल यजुर्वेदाच्या शतपथ ब्राह्मणात मात्र चौथ्या ऋणाचाही उल्लेख आहे. ते म्हणजे मनुष्यऋण. ते फेडण्याचा मार्गही तेथे सांगितला आहे : माणसाला निवारा द्यावा आणि अन्न द्यावे. अमुक माणसाने उपकार केला म्हणून त्यालाच परत द्यावे, असे तेथे म्हटलेले नाही. ऋण सर्व माणसांचे आहे. म्हणून दारी जो येईल त्याच्या रूपाने ते फेडावयाचे आहे. तीर्थक्षेत्रातील भक्तनिवास आणि अन्नछत्र यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

महाप्रसाद घेतल्यानंतर काही भाविक कार्यालयात येतात आणि ‘फुकट जेवलो असे नको’ म्हणून देणगी देतात. त्यांचा भाव उत्तम असतो आणि अन्नछत्र चालते तेही अशाच देणग्यांवर. तरीही पावती हाती पडली म्हणजे हिशेब पुरा झाला, असे समजणे बरोबर होणार नाही. ताटातील भाताचे मोल देता येईल. परंतु गुडघाभर चिखलात वाकून ज्याने तो लावला, पहाटे उठून ज्यांनी चुली पेटविल्या, आपले उष्टे ताट ज्यांनी घासले, त्यांचे काय? त्यांना मजुरी मिळते हे खरे. पण मजुरीने श्रमाचा मोबदला होतो. ‘घ्या माऊली, अजून थोडे घ्या’ म्हणून आग्रहाने वाढणाऱ्याच्या मायेचा दर कोणी आणि कसा ठरवावा?

या संदर्भात एक अनुभव सांगतो. त्यात चूक माझी होती. काही वर्षांपूर्वी मराठवाड्याकडील एक वयस्क बाई दर्शनास आल्या होत्या. महाप्रसाद झाल्यावर त्या परस्पर कोठीघरात गेल्या आणि तांदूळ निवडणाऱ्या बायकांत सूप घेऊन बसल्या. तिकडून जाताना माझे लक्ष गेले. मी म्हणालो, “मावशी, इथे कामाला माणसे आहेत. आपल्याला काही द्यायचे असेल तर कार्यालयात या, पावती करून देतो.” त्यांनी सूप खाली ठेवले. क्षणभर थांबून म्हणाल्या, “पैसं न्हाईत माझ्यापाशी, दादा. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला चाललो व्हतो. दोन दिवस पोटात काही नव्हतं. वाटंत एका बाईनं तिच्या वाटणीची अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. जिनं घास दिला तिला आता कुठं हुडकू? तिचं नावसुद्धा इचारलं न्हाई. म्हणून जिथं जेवणं व्हत्यात तिथं जरा हात लावते.”

मला उत्तर सुचले नाही. मीच सूप उचलून त्यांच्यापुढे ठेवले. १९७२ च्या दुष्काळातील त्या अर्ध्या भाकरीचे ऋण ही माऊली इतकी वर्षे फेडीत होती, आणि ते फिटले असे तिला एकदाही वाटले नव्हते. ऋणात राहणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. फेडण्याचे टाळणे म्हणजे ऋणात राहणे नव्हे. फेडीत राहूनही ‘फिटले’ न म्हणणे, हा त्याचा अर्थ आहे.

विचार केला तर आपल्यावर ज्यांचे उपकार आहेत, त्यांपैकी बहुतेकांची आणि आपली गाठ कधी पडणारच नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी काशीपासून अनेक तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. १७९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी बांधलेल्या घाटांवर यात्रेकरू आजही स्नान करतात. त्यांच्यापर्यंत आपले आभार पोहोचणे नाही. आपण इतकेच करू शकतो, की घाट स्वच्छ ठेवावा आणि मागून येणाऱ्या वृद्धाला पायरी उतरताना हात द्यावा. उपकाराचा प्रवाह नदीसारखा पुढेच वाहतो. तो अडवून ठेवणे म्हणजे कृतघ्नता आणि पुढे वाहता करणे म्हणजे कृतज्ञता.

देणाऱ्याच्या बाजूनेही हा विचार व्हावयास हवा. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशा योग्य व्यक्तीला, योग्य स्थळी आणि योग्य काळी, कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक होय, असे भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. देवस्थाने देणगीदारांच्या नावाचे फलक लावतात. हिशेब उघड राहावा आणि इतरांना प्रेरणा मिळावी, हा त्यामागील हेतू असतो. परंतु फलकावरील नाव वर की खाली यावरून मन खट्टू होऊ लागले, तर दिलेल्या दानाची किंमत आपण मनातल्या मनात परत मागत आहोत, असे समजावे. श्रीसंत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतःजवळ मात्र खराटा, गाडगे आणि अंगावरच्या चिंध्या याहून अधिक काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळाही त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. दिले ते आपले राहिले नाही, ही जाणीव इतक्या स्वच्छपणे जगणारा दाता विरळाच.

सदाचार हा काही मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवण्याचा अलंकार नव्हे. गाभाऱ्यात हात जोडणारा भाविक पादत्राणे सांभाळणाऱ्या मुलाशी कसा बोलतो, दर्शनबारीत मूल कडेवर घेतलेल्या बाईला पुढे जाऊ देतो की नाही, पानात घेतलेले संपवितो की टाकतो, यांवरून त्याच्या दर्शनाचे फळ कळते. घरी परतल्यावर तर परीक्षा अधिक कठीण असते. परक्याने पाणी दिले तर आपण आभार मानतो. परंतु वर्षानुवर्षे गरम पोळी पानात वाढणाऱ्या हाताची आपल्याला आठवणही राहत नाही. जे रोज मिळते ते हक्काचे वाटू लागते, आणि कृतज्ञता सरते ती तेथेच.

म्हणून नम्र विनंती अशी, की येथून जाताना प्रसादाबरोबर एक आठवणही घेऊन जावी. आपल्या आयुष्यात कोणी तरी, कधी तरी अर्धी भाकर आपल्या हातावर ठेवलेली आहे. ती व्यक्ती हयात असेल तर तिला भेटावे. नसेल, तर वाटेत पहिला भुकेला भेटेल तो तिनेच धाडला आहे, असे समजावे.

हे ऋण कधी फिटू नये आणि ते फेडण्याची बुद्धी आपणा सर्वांना अखंड लाभावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— कार्यालयीन सचिव, विश्वस्त मंडळाच्या वतीने