वाईटपणा कोणी घ्यावा?

वारीत एखाद्याच्या पायाला फोड आला तर कोण कुठला वारकरी खाली बसून त्याच्या पायाला तेल लावतो. जात विचारीत नाही, गाव विचारीत नाही. तेच आपण गावी परतलो म्हणजे गल्लीतले तुंबलेले गटार पाहतो, धोतर वर धरतो आणि पलीकडे जातो. बरे, शेजार वाईट म्हणावा तर तसेही नाही. लग्नाला, मयतीला सारी गल्ली दारात उभी असते. मग घोडे अडते कुठे? आम्हांला वाटते, पुष्कळदा ते या गोडव्यातच अडते. "आपलाच माणूस आहे, कशाला वाईटपणा घ्यायचा!"

आमच्या नंदुरबारकडचाच दाखला घ्या. १९७२-७३ च्या सुमारास, हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता तेव्हा, शहादे तालुक्यातल्या भिल्ल बायांनी दारूचे गुत्ते फोडले. दारू काही त्याच वर्षी आली नव्हती. मजुरी गुत्त्यात जाई, रात्री मार बसे, आणि शेजारणीला ते कुडापलीकडून ऐकू येई. ऐकून ती गप्प राही. कारण तिच्याही घरी तेच. पुढे भजने गाणारे अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या जमिनीच्या व मजुरीच्या लढ्यात या बाया एकत्र बसू लागल्या. शिबिरात एकीने तोंड उघडले, मग दुसरीने. नंतर त्या मिळूनच निघाल्या. शेजार आधीही होता. एकमेकींसमोर बोलण्याची सवय तेवढी नवी होती.

त्याच्याही आधी, १९३८ च्या सुमारास, तळोदे तालुक्यात मोरवडला गुलाम महाराजांनी आरती सुरू केली. दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप' म्हणायचे. दारूबंदीशी या 'आप'चा काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांला तर तेच मुख्य वाटते. ज्याला रोज मान दिला त्याला चार शब्द सुनावले तरी ते अपमानाचे लागत नाहीत. आपणही एकमेकांच्या पाया पडतो ना?

येथे एक भीती आहे, ती लपवीत नाही. गल्ली एक झाली की एकट्याला वाळीत टाकायलाही एक होते. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. म्हणून सांगायचे ते तोंडावर, आणि सांगून झाल्यावर त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा.

आमच्या भजनी मंडळातल्या एका टाळकऱ्याच्या मोरीचे पाणी दोन वर्षे देवळाच्या वाटेवर येत होते. दिंडी त्यातूनच जाई. मागच्या एकादशीला आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. भाऊ रागावले. एक भजन चुकवले. पुढच्या भजनाला आले ते टाळ घेऊनच, आणि बसता बसता म्हणाले, "नळी टाकली. पण काय हो, दोन वर्षं सगळ्यांना दिसत होतं, मग बोलला का नाहीत?"

आम्हांला उत्तर सुचले नाही.