श्रद्धेचें दार
शिळफाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहतांना, बोरघाटापलीकडचें, पुण्याच्याही पुढचें केडगांव आम्हांस आठवतें. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन तेथलेंच. शारदासदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात म्हणून १८९३ सालीं रानडे-भांडारकरांनीं रमाबाईंची साथ सोडली. तो आक्षेप आम्ही पोकळ मानीत नाहीं. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन रमाबाई उपाशी, निराधार मुलींस घेऊन आल्या, तेव्हां आक्षेपकांचीं किती दारें उघडलीं? रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा; त्या श्रद्धेचा खरेपणा आम्हांस पटतो तो केडगांवच्या चुलीपाशीं, आणि आंधळ्या मुलींच्या बोटांखालीं दिलेल्या उठावाच्या अक्षरांत. बाईंचें धर्ममत आम्ही स्वीकारलेलें नाहीं. तरी ‘मुली बाटविल्या’ असें कोणी म्हटलें, कीं त्या दुष्काळांत आपल्या पणजोबांचें दार उघडें होतें काय, हें आम्ही आधीं स्वतःसच विचारतों.